सकाळचे फॅक्स

अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतील एका टेरी टॉवेल कारखान्याने मला बोलावले, ते जपानमधील एका ग्राहकाच्या तक्रारीमुळे. पॅकिंगवरील लेबलचा मजकूर बदलल्याचे त्या ग्राहकाने फॅक्सने कळवले होते आणि त्याच्या यंत्रातून निघालेल्या रिपोर्टवर पान व्यवस्थित पोचल्याची नोंद होती. कारखान्यात मात्र तो फॅक्स कोणीही पाहिलेला नव्हता आणि माल जुन्या लेबलांसह खोक्यांत भरून झाला होता. ग्राहक म्हणत होता पाठवला, कारखाना म्हणत होता मिळाला नाही. कागदपत्रे पाहिल्यावर मला दोघेही खरे बोलत आहेत असे वाटू लागले.

सोलापुरात ईपीएबीएक्स (कार्यालयातले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनला जोडणारी यंत्रणा), व्हॉइसमेल आणि फॅक्सच्या यंत्रणा बसवण्याचे व सांभाळण्याचे काम मी करतो. ही यंत्रणा दुसऱ्या कंत्राटदाराने बसवलेली होती आणि त्याने आता हा व्यवसायच सोडला होता. कारखान्याच्या मालकांना सगळे अण्णा म्हणत. त्यांनी मला बसायलाही न सांगता विषयाला हात घातला. "लाइनमध्ये दोष असेल तर टेलिफोन कंपनीला लिहितो, यंत्रात असेल तर यंत्र बदलतो. पण काय ते आज सांगा, साहेब. खोकी गोदामात थांबवून ठेवली आहेत."

लाइनचा दोष असता तर पाठवणाऱ्याला तसा रिपोर्ट मिळालाच नसता. फॅक्सच्या संभाषणात घेणारे यंत्र प्रत्येक पानानंतर ते नीट मिळाल्याचा संकेत उलट पाठवते, आणि तो संकेत पोचल्यावरच पाठवणाऱ्याकडे यशाची नोंद होते. म्हणजे पान या इमारतीत नक्की आले होते. ते पुढे कोणाच्या हाती गेले किंवा गेले नाही, याच्याशी त्या रिपोर्टचा काहीही संबंध नसतो.

खरा धागा निर्यात विभागातील मॅडमनी दिला. त्या म्हणाल्या, "जपानचे सगळेच फॅक्स हरवत नाहीत हो. दुपारी येतात ते मिळतात. सकाळचे म्हणून ते सांगतात, तेच मिळत नाहीत." त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसणारे, अण्णांच्या वडिलांच्या काळापासूनचे एक काका होते. ते अण्णांशी तेलुगूत आणि माझ्याशी मराठीत बोलत. दुपारच्या फॅक्सचे रहस्य त्यांनीच सांगितले. मॅडमच्या टेबलावरचा फोन वाजला की तो काका उचलत, कानात टुंऽ असा आवाज आला की लगेच तो कॉल स्वागतकक्षातील फॅक्स यंत्राकडे वळवत, आणि मग जाऊन कागद घेऊन येत. जपानची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तिकडे सकाळी दहा वाजता कोणी फॅक्स लावला, तर सोलापुरात साडेसहा वाजलेले असतात आणि कार्यालयात फोन उचलायला कोणीही नसते. ज्या फॅक्सवरून वाद पेटला होता तो दुपारचा होता, पण तो सोलापुरातील सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत अक्षता सोहळ्याच्या दिवशी आलेला होता, आणि त्या दिवशी कार्यालय बंद होते. याचा अर्थ असा की माणसाने उचललेले कॉल सुखरूप होते आणि यंत्रणेने उचललेले गायब होत होते.

कारखान्याकडे पीआरआय लाइन, म्हणजे एकाच वेळी अनेक कॉल वाहणारी डिजिटल लाइन होती आणि तिच्यावर महत्त्वाच्या प्रत्येक व्यक्तीला थेट बाहेरून लागणारा स्वतंत्र क्रमांक दिलेला होता. ठरावीक वेळ फोन वाजून कोणी उचलला नाही, तर कॉल त्या व्यक्तीच्या मेलबॉक्सकडे जाई आणि तिथे त्या व्यक्तीने आधी भरून ठेवलेले निवेदन सुरू होई. पाठवणारे फॅक्स यंत्र नंबर लागल्यावर ११०० हर्ट्झचा एक स्वर अर्धा सेकंद वाजवते, तीन सेकंद थांबते आणि पुन्हा वाजवते. निवेदन चालू असताना हा स्वर ऐकू आला, तर ही यंत्रणा बोलणे थांबवून स्वतःच फॅक्स यंत्राची भूमिका घेई आणि आलेली पाने त्या मेलबॉक्समध्ये साठवी. हे ओळखण्याचे काम निवेदन संपेपर्यंतच चालत असल्यामुळे निवेदन फार त्रोटक असून चालत नव्हते. लेखा विभागातील एका तरुणाने आपल्या आवाजात केवळ "नमस्कार, बोला" एवढेच भरून ठेवले होते, आणि त्याच्या मेलबॉक्समध्ये अर्ध्या सेकंदाच्या शिट्ट्यांचे कितीतरी निरोप साचले होते. त्याला ते कोणीतरी चेष्टा करत असल्यासारखे वाटत होते. ते सगळे फॅक्स होते.

मॅडमचे निवेदन मात्र लांब आणि व्यवस्थित होते, त्यामुळे तिथे हा प्रश्न नव्हता. मी स्वागतकक्षातील यंत्रावरून त्यांच्या क्रमांकावर एक पान लावले, मॅडमना फोन उचलू नका असे सांगितले आणि फोनवरच्या लाल दिव्याकडे पाहत उभा राहिलो. नवीन निरोप आला की हा दिवा लागतो आणि तो ऐकून किंवा पाहून होईपर्यंत तसाच राहतो. फोन वाजला, कॉल मेलबॉक्सकडे गेला, थोड्या वेळाने दिवा लागला आणि आम्ही काही बोलण्याच्या आत विझला. स्वागतकक्षातील यंत्राने यशाचा रिपोर्ट छापला. मेलबॉक्स उघडून पाहिला तर तो रिकामा होता. अण्णा मागे येऊन उभे होते. त्यांनी तेच पान पुन्हा लावायला सांगितले आणि दिवा पुन्हा तसाच लागून विझला.

मग मी यंत्रणेचे सेटिंग उघडले. प्रत्येक वापरकर्त्याच्या नावापुढे पर्यायांचा एक लांबलचक पडदा (स्क्रीन) होता. फॅक्स स्वीकारायचा की नाही, निरोपाची सूचना दिव्याने द्यायची की ईमेलने, ईमेलसोबत फॅक्सची प्रत जोडायची का, प्रत गेल्यावर मूळ फॅक्सचे काय करायचे, निरोप किती दिवस ठेवायचे, शून्य दाबणाऱ्याला कोणाकडे जोडून द्यायचे, असे ते पर्याय होते. यांपैकी प्रत्येक पर्याय त्या माणसापुरता थेट ठरवता येई किंवा 'वर्गाप्रमाणे' असा ठेवता येई. वर्ग म्हणजे सारख्या कामाच्या लोकांसाठी एकदाच ठरवून ठेवलेला पर्यायांचा संच. शंभर माणसांचे पर्याय एकेक करून भरण्यापेक्षा हे सोयीचे असते, पण त्यात एक अडचण आहे, ती अशी की वापरकर्त्याच्या पडद्यावर 'वर्गाप्रमाणे' एवढेच दिसते आणि त्या वर्गात नेमके काय ठरले आहे ते पाहण्यासाठी दुसरा पडदा उघडावा लागतो. मॅडमच्या पडद्यावर मूळ फॅक्सच्या रकान्यात 'वर्गाप्रमाणे' होते. निर्यात वर्ग उघडला, तर तिथे 'ईमेल गेल्यावर काढून टाका' असे होते.

ज्याने हे ठरवले त्याला मी मूर्ख म्हणणार नाही. यंत्रणेची साठवण लहान होती, निर्यात विभागाला पुष्कळ पानांचे फॅक्स येत आणि मेलबॉक्स भरला की पुढचा फॅक्स स्वीकारलाच जात नाही. तेव्हा प्रत ईमेलने पाठवावी आणि मूळ काढून जागा मोकळी करावी, हा विचार त्या वेळी योग्यच होता. शिवाय हा पर्याय त्याने फक्त फॅक्सला लावला होता. आवाजी निरोप मेलबॉक्समध्येच राहत, दिवा लागे, मॅडम ते ऐकत, आणि म्हणून आपला मेलबॉक्स उत्तम चालतो अशी त्यांची खात्री होती.

मग ईमेल जात कुठे होती, हे पाहिले. मॅडमचा क्रमांक त्यांच्या आधी त्या जागेवर असलेल्या एका गृहस्थांचा होता. परदेशी ग्राहकांकडे तोच क्रमांक नोंदलेला असल्यामुळे तो बदललेला नव्हता, आणि ते निवृत्त झाल्यावर मेलबॉक्सवरचे नाव कोणीतरी बदलले होते, पण ईमेलचा पत्ता त्या गृहस्थांचाच राहिला होता. त्यानंतर कारखान्याने आपली ईमेल स्वतःच्या सर्व्हरवरून बाहेरच्या सेवेकडे हलवली. तिथे निवृत्त माणसाचे खाते उघडण्याचे कारणच नव्हते. जुना सर्व्हर केवळ स्कॅनर आणि व्हॉइसमेल यंत्रणेची पत्रे पुढे पाठवण्यापुरता एका कपाटात चालू ठेवला होता. फॅक्स यंत्रणा या सर्व्हरकडे पत्र देई, तो ते स्वीकारल्याचे सांगे, आणि यंत्रणेच्या लेखी पत्र पोचलेले असे. रजिस्टर पत्रावर वाड्याच्या देवडीवरल्या माणसाने सही करावी आणि घरमालक गाव सोडून गेलेला असावा, तसला हा प्रकार होता. सही झाली की यंत्रणा मूळ फॅक्स पुसून टाकी. पुढच्या सेवेने असा पत्ता नसल्याचे सांगून पत्र नाकारले, की जुना सर्व्हर ते न पोचल्याचे पत्र पाठवणाऱ्याला परत करी. पाठवणारा कोण, तर फॅक्स यंत्रणा.

इथे मी अण्णांना थोडे थांबायला सांगितले, कारण परत केलेले पत्र कुठेतरी पडलेच असणार. यंत्रणा बसवताना तिच्या नावाने त्या जुन्या सर्व्हरवर एक खाते उघडलेले होते. ते उघडल्याचे कारखान्यात कोणाला ठाऊक नव्हते, त्यामुळे ते वाचण्याचा प्रश्नच नव्हता. पासवर्ड यंत्रणेच्या सेटिंगमध्ये साठवलेला असला तरी दिसत नव्हता, म्हणून सर्व्हरवर जाऊन नवा दिला आणि ते खाते उघडले. परत आलेल्या पत्रांचा ढीग तिथे होता. त्या सर्व्हरची रीत अशी होती की ठरावीक आकारापर्यंतचे पत्र नाकारले गेले तर ते पूर्ण, जोडलेल्या प्रतीसह, परत करायचे, आणि त्याहून मोठे असेल तर त्याचा फक्त शीर्षभाग परत करायचा. एकेका पानाचे फॅक्स त्यामुळे जसेच्या तसे सापडले. अक्षता सोहळ्याच्या दिवशीचा, लेबलच्या बदललेल्या मजकुराचा फॅक्सही त्यांतच होता. काकांनी तो छापून हातात घेतला, वरच्या कडेची तारीख आणि वेळ मोठ्याने वाचली आणि कागद काही न बोलता अण्णांसमोर ठेवला.

अण्णांचा पहिला हुकूम "सगळ्यांचे पुसणे बंद करा" हा होता. मी तसे केले नाही. सरसकट पुसणे बंद केले असते, तर काही आठवड्यांत साठवण भरून नवे फॅक्स नाकारले गेले असते आणि जुन्या कंत्राटदाराने जे टाळले होते तेच पुन्हा ओढवले असते. आम्ही तिघांनी मॅडमच्या टेबलापाशी बसून प्रत्येक क्रमांकावर कोणते कागद येतात ते लिहून काढले, कारण त्याशिवाय पर्यायांचा पडदा उघडण्यात अर्थ नव्हता. निर्यात वर्गात ईमेलची प्रत चालू ठेवली, मूळ फॅक्स काढून टाकणे बंद केले आणि वाचलेले फॅक्स तीस दिवसांनी आपोआप जावेत असे ठरवले. न वाचलेला फॅक्स मात्र कितीही जुना झाला तरी जाऊ नये, अशी वेगळी खूण होती, ती लावली. लेखा विभागाला मूळ काढून टाकण्याची सोय राहू दिली, कारण त्यांच्याकडे येणारी बहुतेक पाने आधी ईमेलनेही आलेली असत.

खरा वाद काकांवरून झाला. त्यांना पिन, ईमेल यांतले काहीच नको होते. त्यांचे म्हणणे, "कागद यंत्रातून आला पाहिजे. मी तो फाइलला लावतो, आजवर एक हरवला नाही." ते खरेही होते. यंत्रणेत आलेला फॅक्स लगेच एखाद्या छपाई यंत्राकडे पाठवण्याचा पर्याय होता आणि तो निर्यात वर्गाला लावायला हरकत नव्हती. पण अण्णांच्या क्रमांकावर बँकेची पत्रे येत, आणि ती स्वागतकक्षातील उघड्या ट्रेमध्ये पडून राहणे कोणालाच नको होते. म्हणून निर्यात विभागाचे फॅक्स काकांच्या टेबलाजवळच्या यंत्रावर आपोआप छापले जातील आणि अण्णांचे फॅक्स त्यांनी स्वतः फोनवरून पिन टाकून मागितल्यावरच छापले जातील, अशी विभागणी केली. अण्णांना स्वतःचा पिन आठवत नव्हता. तपासल्यावर कारखान्यातील जवळजवळ प्रत्येक मेलबॉक्सचा पिन १२३४ असल्याचे दिसले. मेलबॉक्समधून पुन्हा बाहेर नंबर फिरवण्याची परवानगीही सर्वांना होती. अशा यंत्रणांत बाहेरचे लोक रात्री सोपे पिन लावून आत शिरतात आणि परदेशी कॉल करून बिल मालकाच्या नावावर टाकतात, हे मी अण्णांना सांगितले, तेव्हा ती परवानगी काढण्याला त्यांनी एका शब्दानेही विरोध केला नाही. पिन किमान सहा आकडी केला आणि चुकीचे प्रयत्न वाढले की मेलबॉक्स बंद होईल असे ठेवले. लेखा विभागातल्या त्या तरुणाचे निवेदनही मॅडमनी समोर उभे राहून नव्याने भरून घेतले.

यंत्रणेच्या खात्यात परत येणारी पत्रे यापुढे मॅडमच्या आणि अण्णांच्या, अशा दोन्ही पत्त्यांवर जातील अशी व्यवस्था करून मी चाचणीचे पान पुन्हा लावले. या वेळी दिवा लागला तो लागलेलाच राहिला, काकांजवळच्या यंत्रातून कागद आला आणि मॅडमच्या ईमेलवर प्रतही आली.

संध्याकाळी मॅडमनी परत आलेल्या पत्रांतून केवळ शीर्षभाग उरलेल्यांची यादी केली. त्यांत पाठवणाऱ्याचा क्रमांक, तारीख आणि पानांची संख्या एवढेच होते. मजकूर कायमचा गेला होता. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी त्यांतल्या एकेकाला फोन लावून पुन्हा पाठवण्याची विनंती करायला सुरुवात केली. लेबलाच्या बाबतीत अण्णांनी ग्राहकाला कळवले की फॅक्स मिळाला होता आणि दोष कारखान्याकडच्या व्यवस्थेचा होता. गोदामातली खोकी उघडून लेबले बदलण्याचे काम त्याच रात्रीच्या पाळीला लावले.