आमची वाटचाल : गळती कुठून होते, ते शोधत

बाळाचा कापडी लंगोट गळतो तेव्हा दोष चारपैकी एका ठिकाणी असतो: शिवणीत, आतल्या पट्टीत, मापात किंवा धुण्यात. नाशिकमधलं आमचं हे छोटं शिवणकामाचं युनिट याच चार ठिकाणांचा माग काढत वाढलं. नवा माल कोणता काढायचा, कोणती मशीन घ्यायची, गिऱ्हाइकाला काय समजावून सांगायचं, हे प्रत्येक वेळी गळतीनेच ठरवलं. म्हणून वाटचालही त्याच वाटेने सांगतो.

सुरुवात बाळंतविड्याने झाली. झबली, टोपडी, दुपटी आणि सुती त्रिकोणी लंगोट असा संच शिवून आम्ही मेन रोड, रविवार कारंजा भागातल्या दुकानांना द्यायचो. त्रिकोणी लंगोट आजही करतो, कारण पहिल्या काही आठवड्यांत त्याला तोड नाही: पातळ असतो, झटकन वाळतो आणि ओला झाला की लगेच कळतो. अडचण एवढीच, की त्याच्यासोबत दुपटं, गादी आणि बाळाला घेऊन बसलेल्या आजीचं लुगडंही भिजतं. पाळणाघरात जाणाऱ्या, गाडीतून प्रवास करणाऱ्या बाळांसाठी ओल बाहेर न येणारा लंगोट लोक मागू लागले आणि आम्ही खिशाच्या लंगोटाकडे वळलो.

त्याची रचना साधी आहे. बाहेरून पीयूएल, म्हणजे पॉलिस्टरच्या विणीच्या कापडाला आतल्या अंगाने चिकटवलेला पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा. आतून अंगाला लागणारं फ्लीसचं, म्हणजे मऊ, लवदार पॉलिस्टर कापडाचं अस्तर. दोहोंच्या मधे मागून उघडा खिसा आणि त्यात सरकवायची शोषणारी पट्टी. फ्लीस पाणी धरून ठेवत नाही, खाली सोडतं, म्हणून अंगाला ओल कमी लागते.

शिवण मात्र अजिबात साधी नाही. पीयूएलला टाचणी लावायची नाही, कारण भोक पडलं की ते बुजत नाही. कापड धरायला चिमटे वापरायचे. सुई 11 नंबरची, गोल टोकाची. टाका 3 मिलिमीटरच्या आसपास ठेवायचा, कारण बारीक टाक्याने भोकांची रांगच तयार होते. दोरा पॉलिस्टरचाच हवा. सुती दोरा वातीप्रमाणे ओल ओढतो आणि शिवणीवर एक ओली रेघ उमटते. मांडीच्या कडेला तर मिलिमीटरचा हिशेब असतो. आतलं फ्लीस कडेवरून जराही बाहेर डोकावलं, की ओलावा तिथून चढून झबल्याला लागतो. आई म्हणते, "लंगोट भरला नव्हता तरी गळला." अशी तक्रार आली की आम्ही पहिल्यांदा हीच कड बघतो. यासाठी अस्तर आम्ही पीयूएलपेक्षा किंचित लहान कापतो. मग शिवण उलटली की पीयूएल आपोआप आत वळतं.

टिचबटणांचंही तसंच. बटण नुसत्या पीयूएलवर दाबलं तर रोजच्या ओढाताणीने त्याच्याभोवती पापुद्रा फाटतो. म्हणून प्रत्येक रांगेच्या मागे कापडाची आणखी एक पट्टी घालतो. बटणाचा जो काटा कापडातून आरपार जातो, त्याची लांबी थरांच्या जाडीनुसार निवडावी लागते. काटा आखूड पडला तर बटण महिनाभरात निघतं, लांब पडला तर दाबताना वाकतो. हाताच्या मशीनवर प्रत्येक बटणाचा दाब वेगळा पडायचा, म्हणून हवेच्या दाबावर चालणारी मशीन घेतली. सिडको आणि सातपूर भागातल्या आमच्या मावश्या पट्ट्यांचं ओव्हरलॉक (कडेचे धागे सुटू नयेत म्हणून घालायची शिवण) घरी नेऊन करतात. पीयूएलचं काम मात्र युनिटमध्येच होतं. तयार लंगोट दिव्यासमोर धरून भोकं बघतो. शिवाय प्रत्येक लॉटमधले काही नग वाटीसारखे धरून त्यांत पाणी ओततो, खाली टिपकागद ठेवतो आणि मांडीच्या शिवणीवर अंगठ्याने दाब देतो. कागदावर ठिपका उमटला तर तो सगळा लॉट परत मशीनवर जातो.

पुढे पट्टी. सुती कापड आम्हाला आपल्याच जिल्ह्यातून, मालेगावच्या यंत्रमागांवरून मिळतं. मागावरून आलेल्या कोऱ्या कापडात खळ असते आणि कापसाचं स्वतःचं मेणही असतं. ते निघाल्याशिवाय पाणी वरच्या वर घरंगळतं. शिवाय कापूस धुण्यात आटतो. म्हणून कापड कापण्याआधी गरम पाण्यात धुऊन घेतो, आणि तरीही गिऱ्हाइकाला सांगतो की पट्टी वापरण्याआधी पाच-सहा वेळा धुवा. प्रत्येक धुण्याने तिची शोषणशक्ती वाढत जाते.

किती शोषलं पाहिजे, याचा हिशेब आम्ही असा करतो. बाळाला किलोमागे तासाला साधारण 2 मिलिलिटर लघवी धरायची. 7 किलोच्या बाळाला तीन तासांत 42 मिलिलिटर आणि नऊ तासांच्या रात्रीला 126 मिलिलिटर. पण पट्टी सगळीकडून सारखी भरत नाही. मुलाची पुढून आधी भरते, मुलीची मधून, म्हणून पट्टीत जागा बरीच जास्त लागते. दिवसाची पट्टी 100 मिलिलिटरच्या आणि रात्रीची दोन पट्ट्यांची जोडी 200 मिलिलिटरच्या खाली उतरली तर आम्ही ती नापास करतो. मोजायला साधा वजनकाटा पुरतो: कोरडी पट्टी तोला, भिजवा, पाच मिनिटं टांगून ठेवा, परत तोला. जितके ग्रॅम वाढले तितकं मिलिलिटर पाणी.

मायक्रोफायबर, म्हणजे अतिबारीक कृत्रिम धाग्यांचं कापड, पाणी भराभर पितं, पण दाब पडला की सोडूनही देतं. बाळ कडेवर घ्यायच्या पट्ट्यात (कॅरियरमध्ये) बांधलेलं असेल किंवा कारच्या सीटवर बसलेलं असेल तर त्यातून पाणी पिळून निघतं. सुती कापड सावकाश पितं, पण धरून ठेवतं. म्हणून रात्रीसाठी वर मायक्रोफायबर आणि खाली सुती अशी जोडी देतो. मायक्रोफायबर अंगाला थेट कधीच लावू नये, ते कातडीतली ओलही ओढून घेतं. त्याची जागा खिशातच.

मापाच्या बाबतीत आमचं मत ठाम आहे: 'जन्मापासून तीन वर्षांपर्यंत एकच माप' ही जाहिरात आम्ही करत नाही. 2.5 ते 3 किलोच्या बाळाच्या मांड्या इतक्या बारीक असतात, की सर्वात लहान बटणावरही फट राहते. त्यांच्यासाठी वेगळं छोटं माप आहे. त्यात पुढची कड खाली उतरवली आहे, म्हणजे नाळ गळून पडेपर्यंत ती घासली जात नाही. साधारण 5 किलोनंतर बटणांच्या तीन रांगांचा मोठा लंगोट चालतो. बांधताना मांडीचं इलॅस्टिक जांघेच्या घडीत बसलं पाहिजे, मांडीवर नाही. कमरेला दोन बोटं जावीत, मांडीला फट नसावी. लंगोट काढल्यावर उठलेल्या रेघा थोड्या वेळात गेल्या तर ठीक. खोल वळ राहिले तर एक बटण सैल करा.

आता धुणं, आणि इथे थोडं थांबतो, कारण परत आलेल्या लंगोटांपैकी बहुतेकांत शिवण निर्दोष असते.

एक प्रकार आम्ही वारंवार पाहतो. बाळ माहेरी असताना लंगोट उत्तम चालतात. बारसं झालं, बाळ सासरी गेलं आणि महिन्या-दोन महिन्यांत तेच लंगोट गळू लागतात, अमोनियाचा उग्र वास मारू लागतात. बदललेलं असतं ते पाणी. शहरात गंगापूर, मुकणे, दारणा धरणांचं नळाचं पाणी येतं. नव्या सोसायट्यांत आणि आसपासच्या गावांत बऱ्याच ठिकाणी धुण्याला बोअरचं पाणी असतं. डाळ शिजायला वेळ लागतो का, नळाच्या तोटीवर पांढरं साठतं का, एवढं विचारलं तरी पाणी जड असल्याचं कळतं. जड पाण्यात साबणाची वडी वापरली की कॅल्शियम-मॅग्नेशियमशी मिळून तिचा चिकट साका होतो आणि तो पट्टीच्या धाग्यांत बसतो. पट्टी पाणी पीत नाही, आणि अडकलेली लघवी पूर्ण निघतही नाही.

ओळखायचं असेल तर धुऊन वाळवलेल्या पट्टीवर थेंबभर पाणी टाका. थेंब वर मोत्यासारखा उभा राहिला तर पट्टी बुजली आहे. उपाय: फक्त पट्ट्या (लंगोट नाही) गरम पाण्यात डिटर्जंट पावडर घालून काही तास भिजवा, मग शक्यतो नळाच्या पाण्यात फेस येणं थांबेपर्यंत खळबळा. पुढे वडी बंद, पावडर चालू. जड पाण्याला पावडर थोडी जास्तच लागते. 'बाळाचे कपडे म्हणून चिमूटभरच' टाकली तर मळ राहतो आणि त्यानेच पुरळ उठते. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रावण कधीच नको. ते धाग्यांवर थर चढवतं.

तेलाचंही लक्षात ठेवा. आपल्याकडे बाळाला रोज तेल लावून मालिश होतं, ते व्हावंच. पण अंघोळीआधीच्या त्या तेलाचे हात आणि मांड्या लंगोटाच्या अस्तराला लागल्या तर फ्लीसमधून पाणी खाली उतरत नाही, कडेने वाहतं. अंघोळ घालून, अंग टिपून मगच लंगोट बांधा. पुरळीचं मलम लावायचं असेल तर मधे मलमलीचा तुकडा ठेवा.

रोजची रीत थोडक्यात: शी झाडून-धुऊन टाकायची, नुसत्या लघवीचा लंगोट साध्या पाण्यात खळबळून पाणी न भरलेल्या उघड्या बादलीत ठेवायचा, भिजत घालायचा नाही. दोन दिवसांच्या आत धुवायचा: आधी एक नुसतं पाणी, मग पावडर. लंगोटाला 40 अंशांपर्यंतचं पाणी, पट्ट्यांना 60 पर्यंत चालतं. ब्रश, ब्लीच आणि उकळतं पाणी पीयूएलला नको. पापुद्रा सुटतो आणि तो परत जोडता येत नाही. पट्ट्या कडक उन्हात, लंगोट सावलीत.

पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबकेश्वरकडची गिऱ्हाइकं विचारायची, की जाड पट्टी दोन-दोन दिवस वाळत नाही, काय करू? त्यावरून आम्ही आठ थर एकत्र शिवणं सोडलं आणि मोठा चौकोनी तुकडा घडी घालून वापरायचा पर्याय दिला. उलगडून पंख्याखाली टाकला की तो लवकर वाळतो. बाळंतिणीच्या शेगडीजवळ मात्र लंगोट वाळत घालू नये.

किती लागतात, हा नेहमीचा प्रश्न. सहा महिन्यांच्या बाळाला, रोज धुणार असाल तर 10 ते 12. दिवसाआड धुणार असाल तर 16 ते 18. पावसाळ्यात सहा पट्ट्या जास्तीच्या. आम्ही पहिल्यांदा पूर्ण संच विकतच नाही. एक लंगोट आणि दोन पट्ट्या न्या, तुमच्या घरच्या पाण्यात वापरून बघा, मग बाकीचे. बाळांच्या लंगोटांवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्क्यांवर आला, त्याचा फायदा दरात दिला आहे.

पर्यावरणासाठी म्हणून येणाऱ्यांना आम्ही ब्रिटन सरकारचा 2023 चा अभ्यास सांगतो: एकदा वापरून टाकायच्या डायपरपेक्षा कापडी लंगोटाचा तापमानवाढीवरचा परिणाम सुमारे 25 टक्के कमी. त्याआधीच्या 2008 च्या अभ्यासाने दाखवलं होतं की हा फायदा धुण्याच्या पद्धतीवर ठरतो: मशीन पूर्ण भरून लावणं, दोरीवर वाळवणं आणि तेच लंगोट दुसऱ्या बाळाला वापरणं. दोरी आणि ऊन आपल्याकडे आहेच.

दुसऱ्या बाळापर्यंत टिकायला सगळ्यात आधी दगा देतं ते इलॅस्टिक. म्हणून मांडीच्या इलॅस्टिकची दोन्ही टोकं आम्ही खिशाच्या आतून हाताला लागतील अशी ठेवतो, म्हणजे पीयूएलची शिवण न उसवता जुनं ओढून नवं घालता येतं. दुरुस्तीला पाठवताना लंगोट धुऊन, पूर्ण वाळवून, पट्ट्या काढून पाठवा आणि बाळाचं सध्याचं वजन चिठ्ठीवर लिहा. इलॅस्टिक किती ताणून बसवायचं, ते त्यावरून ठरतं.