मुलीच्या घोट्यातील इंजेक्शन आणि सोनोग्राफीचा आधार

माझी मुलगी पाच वर्षांची असताना सकाळी लंगडत उठायची आणि दुपारपर्यंत तिची चाल पुन्हा मोकळी व्हायची. उजव्या घोट्याची सूज मात्र उतरेना, आणि अखेर बालसंधिवाताचे निदान झाले. वयाच्या १६ वर्षांच्या आत सुरू होणारा, किमान ६ आठवडे टिकणारा हा आजार असून त्याचे नेमके कारण सापडत नाही.

घोट्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन देण्यापूर्वी डॉक्टरांनी सोनोग्राफी करायला सांगितली. बाहेरून एकच दिसणाऱ्या घोट्याच्या सुजेखाली नडगीच्या हाडाखालचा मुख्य सांधा, त्याच्याही खालचा टाचेच्या हाडावरचा सांधा आणि बाजूंनी जाणाऱ्या कंडरांची (स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्यांची) आवरणे अशा निरनिराळ्या जागा असतात. माझ्या मुलीचा मुख्य सांधा जवळजवळ कोरडा होता. आतील बाजूच्या कंडरेभोवतीचे आवरण मात्र पाण्याने फुगून पडद्यावर काळे दिसत होते, आणि सोनोग्राफीतच रक्तप्रवाह दाखवणारे डॉप्लर तंत्र लावताच तेथे वाढलेल्या रक्तप्रवाहाचे रंगीत ठिपके उमटले. नुसते चाचपून मुख्य सांध्यात सुई घातली असती, तर औषध भलत्याच ठिकाणी गेले असते. लहान मुलांच्या हाडांची टोके बरीचशी कूर्चेची असल्याने ती एक्स-रेत उमटत नाहीत, पण सोनोग्राफीत दिसतात. शिवाय त्यात किरणोत्सर्ग नसतो आणि नुसत्या तपासणीला भूलही लागत नाही.

इंजेक्शनसाठी मात्र भूल द्यावी लागली. ६ तास आधीपासून खाणे व दूध आणि २ तास आधीपासून पाणीही बंद होते. उपाशी मुलीची समजूत घालणे हेच त्या सकाळी सर्वांत अवघड गेले. सोनोग्राफीने केवळ त्वचेवर खूण करणार, की सुई आत जात असताना ती पडद्यावर सतत पाहणार, हे मी आधीच विचारले होते, आणि प्रत्येक पालकाने ते विचारावे असे मला ठामपणे वाटते. औषध कंडरेतच गेले तर ती कमकुवत होऊ शकते, आणि त्वचेखाली झिरपले तर तिथली चरबी झिजून खळगा किंवा फिकट डाग पडू शकतो. डॉक्टरांनी नंतर मला चित्रण दाखवले. त्यात सुई चमकदार तिरक्या रेघेसारखी आत येऊन कंडरेला न टोचता आवरणातच थांबली होती आणि औषध कंडरेभोवती पसरत होते.

त्यानंतर काही आठवड्यांत सूज उतरली व सकाळचे लंगडणे थांबले. डोळ्यांची स्लिट लॅम्प तपासणी (प्रकाशाची बारीक पट्टी टाकून भिंगातून डोळ्याच्या आत पाहणे) मात्र दर ३ महिन्यांनी सुरूच आहे, कारण या आजारात डोळ्याच्या आतला दाह लाली किंवा वेदना न होताही वाढू शकतो.