लंगोट ओला झालेला कळायलाच हवा

कापडी लंगोट वापरायचे ठरवतात आणि तीन आठवड्यांत कंटाळून सोडून देतात, अशी घरं पुष्कळ. कारण बहुतेक वेळा एकच असतं: लंगोटाकडून डायपरचं काम करून घ्यायचा हट्ट. डायपरमध्ये सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचे कण असतात, ते शू शोषून तिचं जेल करतात आणि बाळाला ओलं लागत नाही. लंगोट लगेच भिजतो, बाळ कुरकुरतं, आपण बदलतो. तो कमी भिजावा म्हणून त्यावर प्लास्टिकची चड्डी चढवली की आतली त्वचा वाफेवर शिजते आणि मग लोक म्हणतात, कापडानं रॅश आला.

भिजलेलं लगेच कळणं हाच लंगोटाचा खरा उपयोग. पहिल्या महिन्यात तर तो बाळाच्या तब्येतीची वहीच असतो. पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत निदान ६ वेळा चांगली शू व्हायला हवी, तरच दूध पुरेसं मिळतंय असं समजायचं. डायपरवर हा हिशेब धड लागत नाही, लंगोटावर तो मोजावाही लागत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत विटकरी-गुलाबी डाग दिसला तर घाबरू नका, ते युरेटचे स्फटिक असतात. पण चौथ्या-पाचव्या दिवसानंतरही तसेच डाग पडत असतील तर दूध कमी पडत असण्याची शक्यता असते. बाळाचं वजन करून डॉक्टरांशी बोला. मुलीच्या लंगोटावर पहिल्या आठवड्यात रक्ताचा अगदी किंचित डाग दिसू शकतो. आईच्या संप्रेरकांचा परिणाम ओसरताना तसं होतं.

एक डाग मात्र अजिबात दुर्लक्ष करण्यासारखा नाही. तान्ह्या बाळाची शू जवळजवळ बिनरंगाची असते. ती लंगोटावर रोज गडद पिवळा डाग पाडत असेल, शी पांढुरकी किंवा मातीच्या रंगाची होत असेल आणि कावीळ १४ दिवसांनंतरही उतरली नसेल, तर उन्हात धरून बघू, म्हणत थांबू नका. पित्तनलिका बंद असण्याचा आजार असा दिसतो आणि त्याची शस्त्रक्रिया बाळ दोन महिन्यांचं व्हायच्या आत झाली तर यशाची शक्यता जास्त असते. म्हणून लंगोट पांढरे किंवा फिकट रंगाचेच शिवावेत. गडद, छापील लंगोट फोटोत छान दिसतात, पण डाग लपवतात.

कापड जुनंच घ्या. नव्या मांजरपाटात खळ असते, चार-सहा धुण्यांशिवाय ते पाणी नीट शोषत नाही. आजीच्या कपाटातली मऊ पडलेली सुती साडी सर्वांत उत्तम, पण ती खरोखर सुती आहे का ते बघा. थेंबभर पाणी टाका, सुती असेल तर लगेच जिरतं. किंवा एक धागा जाळा: सुताची राख होते, पॉलिस्टरची कडक गोळी. जरीचे काठ कापून टाका. पाचवारी साडीच्या ४५ इंच पन्ह्यात २२ इंचांचे दोन चौकोन बसतात, काठ कापले असतील तर ते थोडे लहान होतात. सगळी साडी धड असेल तर १६ निघतात, विरलेला भाग वगळला तर थोडे कमी. चौकोन कर्णावर दुमडून त्रिकोण करायचा, लांब बाजूच्या दोन्ही टोकांना सुती नाड्या. तान्हं बाळ दिवसाला १५ ते २० लंगोट सहज ओले करतं, त्यामुळे एरवी ३ डझन आणि पावसाळ्यात ५ डझन हाताशी हवेत. बाळंतविड्यात झबली-टोपडी दोन कमी असली तरी चालतं.

बांधताना नाळ पडेपर्यंत पुढची घडी नाळेच्या खाली राहू द्या. गाठ पोटाच्या बाजूला यावी आणि नाडीखाली एक बोट सहज जावं. बाळाचे पाय बेडकासारखे फाकलेले राहणं खुब्यांसाठी चांगलं असतं. ते सरळ ताणून दुपट्यात करकचून बांधायची पद्धत सोडून द्यावी.

आता धुणं. बहुतेक गोंधळ इथेच होतो. ओला लंगोट साबणाआधी साध्या गार पाण्यातून काढा. शीचा असेल तर आधी शी संडासात झटका. गरम पाणी थेट ओतलं तर डाग पक्का बसतो. मग १० लिटरच्या बादलीला एक टेबलस्पून सौम्य साबणचुरा पुष्कळ झाला. जास्त साबण म्हणजे जास्त स्वच्छ, हा समज इथे उलटा पडतो: साबण धाग्यात राहतो, लंगोट कडक होतो, शोषत नाही आणि त्वचेला चुरचुरतो. फेस दिसेनासा होईपर्यंत खळबळा. जंतुनाशक द्रवाचं झाकणभर ओतायची सवयही सोडा, ऊन आणि आठवड्यातून एकदा १० मिनिटं उकळणं पुरतं. कपडे मऊ करणारं द्रव धाग्यावर थर देतं, ते तर नकोच. बोअरच्या जड पाण्यानं कापड राठ होत असेल तर शेवटच्या बादलीत दोन टेबलस्पून पांढरं व्हिनेगर घाला. आणि घरात रांगतं मूल असेल तर भिजवणाची बादली कधीही उघडी ठेवू नका. वीतभर पाण्यातही मूल बुडतं.

सकाळच्या लंगोटाला नाकात जाणारा वास येतो तो अमोनियाचा. शूमधल्या युरियापासून जिवाणू तो तयार करतात, त्यानं त्वचेवरची आम्लता कमी होते आणि शीमधली पाचकद्रव्यं त्वचेला जाळू लागतात. म्हणून शी आणि शू एकत्र असलेला लंगोट दहा मिनिटंही ठेवायचा नाही. लाली दिसली तर पाण्यानं धुवा, टिपून कोरडं करा, दिवसातून तीन-चार वेळा अर्धा तास उघडं ठेवा, वर झिंक ऑक्साइडचं मलम. टाल्कम पावडर नको, ती श्वासात जाते. तीन दिवसांत उतरलं नाही, किंवा जांघेच्या घडीत लालभडक आणि भोवती बारीक पुरळ असेल तर ती बुरशी असू शकते. तिला खोबरेल पुरत नाही, डॉक्टर लागतात.

पावसाळ्यात कोकणात लंगोट वाळणं ही स्वतंत्र तपश्चर्या आहे. दोरी पंख्याखाली, घड्या न घालता, आणि शेवटची ओल इस्त्रीनं काढायची. शेगडीवर टोपली पालथी घालून वाळवायची जुनी पद्धत बंद खोलीत करू नका, कोळशाचा विषारी वायू कळत नाही. कपाटात डांबराच्या गोळ्या तर बाळाच्या कपड्यांत कधीच नकोत. जी-६-पी-डी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या बाळाच्या रक्तपेशी त्या वासानंही फुटू शकतात. तिन्हीसांजेनंतर बाळाचे कपडे बाहेर ठेवू नयेत असं घरोघरी सांगतात. दृष्टीचं सोडून द्या, पण दव, मुंग्या आणि सुरवंटाचे केस ही कारणं खरी आहेत. घडी करण्याआधी प्रत्येक लंगोट झटकाच.

मान धरू लागली की पायांवर बसवणं सुरू करता येतं. जमिनीवर पाय लांब करून बसायचं, बाळाला आपल्या पावलांवर टेकवायचं, पाठीला हात द्यायचा आणि 'शूऽऽ' करायचं. झोपेतून उठल्यावर आणि दूध पिऊन झाल्यावर, दोन-तीन मिनिटं. बाळ ताठ झालं किंवा रडलं तर लगेच उचला. याला शिस्त लावणं म्हणू नये. बाळाची वेळ आपल्याला कळते आणि दिवसाचे चार-पाच लंगोट वाचतात.

रात्री किंवा प्रवासात डायपर लावला म्हणून काही बिघडत नाही. आई सलग तीन तास झोपणं हेही नैसर्गिकच आहे. तो टाकताना आतली शी आधी संडासात, मग घट्ट गुंडाळी, वर वर्तमानपत्र आणि त्यावर ठळक लाल ठिपका. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेनं ही खूण रुजवली. ठिपका दिसला की ती गुंडाळी हातानं उघडावी लागत नाही.