बफी, पाचवा सीझन : डॉनबद्दलचे माझे मत बदलले

व्हॅम्पायर म्हणजे रक्तपिपासू पिशाच्चांशी लढणाऱ्या बफी या मुलीवरच्या ‘बफी द व्हॅम्पायर स्लेअर’ या अमेरिकी मालिकेच्या १४४ भागांपैकी १०० भाग काल रात्री पाहून झाले. पहिल्या सीझनचे १२ आणि पुढच्या चार सीझनचे प्रत्येकी २२ असा हिशेब असल्यामुळे पाचव्या सीझनची अखेर बरोबर शंभराव्या भागावर येते. ही मालिका मी दुसऱ्यांदा पाहत आहे आणि या फेरीत प्रत्येक भागानंतर वहीत पात्रवार टिपणे काढत आहे. पाचव्या सीझनची टिपणे चाळली तेव्हा निम्म्याहून अधिक पाने बफीच्या धाकट्या बहिणीने, डॉनने, व्यापलेली दिसली, आणि याचे मला स्वतःलाच नवल वाटले. (पुढे कथानकाचे सगळे तपशील येतात, ज्यांनी हा सीझन पाहिलेला नाही त्यांनी येथेच थांबावे.)

पहिल्या वेळी डॉन मला नकोशी झाली होती. या सीझनच्या पहिल्या भागाच्या शेवटी ही धाकटी बहीण घरात एकाएकी उगवते आणि घरातल्या कोणालाच त्यात काही वावगे वाटत नाही. ग्लोरी या दुष्ट देवतेपासून ‘किल्ली’ नावाची प्राचीन शक्ती लपवण्यासाठी भिक्षूंनी तिला मुलीचे रूप दिले आणि सगळ्यांच्या मनात तिच्या बालपणाच्या आठवणी पेरल्या, हा उलगडा पाचव्या भागात होतो. तेव्हा मला ती पटकथेची सोय वाटली होती. आता वाटते की सीझनचा खरा प्रश्न तिच्यातच आहे: आठवणी रचलेल्या असतील, तर त्यांवर उभी असलेली माया खरी मानायची की नाही?

याचे पहिले उत्तर बफी नव्हे, तर तिची आई जॉइस देते. नवव्या भागात मेंदूतल्या गाठीमुळे भ्रमिष्टासारखी झालेली जॉइस डॉन आपली मुलगी नाही हे ओळखते, शुद्धीवर आल्यावर बफीकडून त्याची खात्री करून घेते, आणि तरीही ती आपलीच आहे ना, असे विचारून तिला सांभाळण्याचे वचन घेते. या प्रसंगात रडारड नाही, मोठे संवाद नाहीत. आजारी बाई अंथरुणावरून घराची घडी लावून देते, एवढेच.

त्यानंतर सोळावा भाग. २७ फेब्रुवारी २००१ रोजी प्रसारित झालेल्या या भागात पार्श्वसंगीत अजिबात नाही, आणि जॉइसचा मृत्यू कोणत्याही राक्षसामुळे होत नाही. बफी रुग्णवाहिकेची वाट पाहत असताना आईचा वर सरकलेला स्कर्ट खाली ओढून नीट करते, ते पाहताना या वेळीही मला भाग थांबवावा लागला. मात्र मी या फेरीत लक्ष ठेवले ते शाळेतल्या प्रसंगावर. चित्रकलेच्या तासाला वस्तूऐवजी वस्तूभोवतीची रिकामी जागा पाहायला शिकवले जात आहे, तेवढ्यात बफी येऊन डॉनला बाहेर नेते, आणि पुढचे सारे आपण वर्गातल्या मुलांसोबत काचेतून पाहतो. बफीचे शब्द ऐकू येत नाहीत. डॉन खाली कोसळलेली तेवढी दिसते. खरे पाहता या मुलीने जॉइससोबत प्रत्यक्षात काही महिनेच काढले आहेत, पण तिच्या दुःखाला तो हिशेब लागू होत नाही, आणि लेखकांनी तो कोणाच्याही तोंडी घातला नाही, हे मला फार मोलाचे वाटते. शेवटी शवागारात ती आईच्या गालाकडे बोट नेते आणि स्पर्श होण्याआधीच भाग संपतो.

बफीचा प्रियकर रायली याचे प्रस्थान दहाव्या भागात उरकते. त्यावर माझ्याकडे दोन ओळींपलीकडे लिहिण्यासारखे नाही. स्पाइक या व्हॅम्पायरचे तसे नाही. सातव्या भागात तो बंदूक घेऊन बफीला मारायला निघतो, पण मागच्या पायऱ्यांवर तिला रडताना पाहून शेजारी बसतो आणि अवघडलेल्या हाताने तिच्या पाठीवर थोपटतो. माझ्या मते त्याचा बदल येथून सुरू होतो. मात्र त्याची कसोटी बफीवरच्या प्रेमात नसून डॉनला दिलेल्या संरक्षणात लागते. ग्लोरीने हालहाल केले तरी तो ‘किल्ली’ कोण हे सांगत नाही. शंभराव्या भागात मनोऱ्यावरून फेकला जाऊन तो डॉनला वाचवू शकत नाही, म्हणूनच बफीच्या मृतदेहासमोरचे त्याचे रडणे इतके जिव्हारी लागते.

‘रक्ताचे नाते’ हा शब्दप्रयोग आपण रोज करतो. या भागात तो शब्दशः खरा ठरतो. डॉन बफीपासूनच घडवलेली असल्यामुळे दोघींचे रक्त एकच आहे, आणि म्हणून डॉनच्या रक्ताने उघडलेले दोन जगांमधले दार बफीच्या प्राणाने बंद होऊ शकते. पहिल्या वेळी मला ही पळवाट वाटली होती. नवव्या भागातले आईचे वचन लक्षात ठेवून पाहिले, तर बफीने ते दार बंद करण्यासाठी मनोऱ्यावरून उडी घेण्याआधी डॉनशी केलेले बोलणे त्या वचनाचाच पुढचा भाग वाटतो.

आज रात्री सहावा सीझन सुरू करेन. त्याच्या आरंभी डॉन बफीसारख्या दिसणाऱ्या यंत्रमानवाच्या शेजारी जाऊन झोपते, एवढे मला आठवते. मागच्या वेळी मी ते दृश्य पुढे सरकवले होते.