२००९चं नेटबुक, अँटीएक्स २३ आणि आईचे अभंग

माळ्यावरचं नेटबुक, म्हणजे छोटा, कमी ताकदीचा जुना लॅपटॉप, अखेर खाली काढलं. इंटेल अ‍ॅटम एन२७०, १ जीबी रॅम, १६० जीबीची हार्ड डिस्क. विंडोज एक्सपी सुरू व्हायला चार मिनिटं लागायची. आईला तिच्या भजनी मंडळाची अभंगांची वही टाइप करून ठेवायचीय, तेवढ्यासाठी नवा लॅपटॉप घ्यायचं मनात नव्हतं.

म्हणून एक्सपीऐवजी लिनक्स टाकायचं ठरवलं. पण हा प्रोसेसर फक्त जुन्या ३२ बिट पद्धतीचा, तिथेच बऱ्याच डिस्ट्रो (लिनक्सच्या तयार आवृत्त्या) बाद. डेबियन या नावाजलेल्या डिस्ट्रोनेही ऑगस्ट २०२५च्या १३व्या आवृत्तीपासून ३२ बिटचा इन्स्टॉलर देणं थांबवलं. म्हणून डेबियन १२वर बेतलेलं, जुन्या मशीनसाठीचं हलकं अँटीएक्स २३ घेतलं.

शनिवारी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलो. मदरबोर्डवरच्या या चिपसेटला २ जीबीपेक्षा जास्त रॅम चालत नाही आणि स्लॉट एकच, त्यामुळे २ जीबीची डीडीआर२ पट्टी आणि हार्ड डिस्कच्या जागी एक छोटी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) घेतली. इथला सॅटा, म्हणजे डिस्क जोडायचा मार्ग, सेकंदाला १.५ गिगाबिटवर अडतो, तरी एसएसडी घ्याच. जुन्या डिस्कवर खरा वेळ जातो तो शेकडो बारक्या फाइली शोधण्यात, आणि तोच वाचतो. आता ४० सेकंदांत डेस्कटॉप समोर येतो, आइसडब्ल्यूएम या हलक्या डेस्कटॉपवर रिकामं असताना जेमतेम २०० एमबी रॅम जाते.

दोन संध्याकाळी मात्र अपडेटने खाल्ल्या. वायफाय व्यवस्थित, तरी एकही पॅकेज उतरेना, ब्राउझर प्रत्येक साइटचं प्रमाणपत्र (साइट खरी असल्याचा, ठराविक मुदतीचा डिजिटल पुरावा) नाकारत होता. मी रेपॉझिटरीचे, म्हणजे पॅकेजं जिथून उतरतात त्या सर्व्हरचे, पत्ते बदलत बसलो. मग कोपऱ्यातल्या घड्याळाकडे लक्ष गेलं: १ जानेवारी २००९! मशीन बंद असतानाही घड्याळ चालू ठेवणारी सीमॉस बॅटरी संपलेली. मशीनच्या हिशेबाने ती प्रमाणपत्रं अजून लागूच झाली नव्हती. मदरबोर्डवर काळ्या वेष्टणातला, दोन वायरींचा सीआर२०३२ सेल निघाला. तो बदलला, तारीख लावली आणि अपडेट सरळ सुरू झालं. जुनं मशीन उघडलंत की आधी हा सेल बघा.

मराठीच्या जागी सुरुवातीला नुसते चौकोन दिसत होते. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्त फॉन्ट ‘मुक्ता’ टाकला आणि ‘दुसऱ्या’मधला ऱ्या नीट उमटलेला पाहून फार बरं वाटलं. कीबोर्ड इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या प्रमाण मांडणीचा, ठेवलाय. आईने काल पहिला अभंग घेतला, पहिल्याच ओळीत ‘टाळ’ आला आणि ळ सापडेना. शिफ्ट-एन असं कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवलंय. रात्रीपर्यंत तीन अभंग झाले होते.

पुढच्या रविवारी बिजागरी आणि पंख्याची सफाई.