आमची वाटचाल : एका स्लाइडवरून दोन स्लाइडवर

नागपूरच्या धंतोलीत लॅब सुरू केली तेव्हा मलेरियाची तपासणी म्हणजे एक पातळ स्लाइड, लिशमन स्टेन (पेशी दिसाव्यात म्हणून द्यायचा रंग) आणि शेरा : 'एमपी निगेटिव्ह', म्हणजे मलेरियाचा परजीवी दिसला नाही. आता तापाच्या प्रत्येक रुग्णाच्या दोन स्लाइड होतात. जाड थरात परजीवी सापडतो, पातळ थरात त्याची जात कळते.

जाड थर मेथेनॉलमध्ये बुडवायचा नाही, त्याने पेशी पक्क्या होतात. तांबड्या पेशी फुटून हिमोग्लोबिन धुऊन जायला हवं. नागपूरच्या मे महिन्यात एवढी काळजी पुरत नाही. ४५ अंशांत खिडकीपाशी ठेवलेला थर उष्णतेनेच पक्का होतो, मग स्टेननंतर नुसता मळकट डाग दिसतो. म्हणून स्लाइड सावलीत, सपाट ट्रेमध्ये वाळवतो आणि त्याच दिवशी स्टेन करतो. थर किती जाड? खालच्या वर्तमानपत्राची अक्षरं त्यातून जेमतेम वाचता यावीत, इतका. जिम्सा स्टेन १० टक्के, १० मिनिटं, बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) ७.२ पीएचचा. बफरऐवजी नळाचं पाणी घेतलं आणि पीएच घसरला, की व्हायवॅक्स या मलेरियाच्या जातीत तांबड्या पेशीवर दिसणारे शुफनर ठिपके नीट उमटत नाहीत.

पेशी फुगलेली, ठिपकेदार, आत वेडावाकडा पसरलेला परजीवी : व्हायवॅक्स. पेशी नेहमीच्याच आकाराची, एकीतच दोन-तीन नाजूक कड्या (परजीवीची कोवळी अवस्था), एखादी काठाला चिकटलेली किंवा केळ्याच्या आकाराचे गॅमेटोसाइट (परजीवीची लैंगिक अवस्था) : फाल्सिपेरम, जिवावर बेतू शकणारी जात. इथे रिपोर्ट छापायची वाट पाहत नाही, आधी डॉक्टरांना फोन. फाल्सिपेरम जास्त आढळणाऱ्या गडचिरोलीकडून आलेल्या रुग्णाची स्लाइड रांगेत पुढे घेतो.

एक दिवसाआड हुडहुडी भरून ताप, हे पुस्तकातलं लक्षण पहिल्या दिवसांत बहुधा नसतंच. प्लेटलेट उतरल्या की घरचे डेंगी धरून बसतात. मलेरियातही त्या उतरतात. शिवाय पेशीवर बसलेली प्लेटलेट हुबेहूब कडीसारखी दिसते. फोकस वर-खाली करून पाहा : तिच्याभोवती फिकट वलय असतं, परजीवीचा निळा सायटोप्लाझम (पेशीद्रव) आणि ठसठशीत लाल क्रोमॅटिन (केंद्रकातलं द्रव्य) नसतं. जाड थराची किमान १०० फील्ड (सूक्ष्मदर्शकात एका वेळी दिसणारा भाग) पाहिल्याशिवाय निगेटिव्ह लिहायचं नाही.

विदर्भात हत्तीरोगही आहे, म्हणून लॅब रात्रीही उघडतो. मायक्रोफायलेरिया (हत्तीरोगाच्या कृमीच्या अळ्या) रात्री १० ते २ या वेळात त्वचेजवळच्या रक्तात येतात; दुपारचा नमुना व्यर्थ. अळीवर आवरण, शेपटीचं टोक केंद्रकांविना रिकामं, तर वुचेरेरिया बँक्रॉफ्टी, हत्तीरोगाचा कृमी. पाय सुजून वर्षं लोटलेल्यांच्या रक्तात अळ्या बहुधा मिळत नाहीत. अशा रिपोर्टवर 'या नमुन्यात आढळल्या नाहीत' एवढंच लिहितो. 'हत्तीरोग नाही' असं कधीच नाही.