तुम्ही विचारलंत म्हणून : मुलांना विजेची बचत कशी शिकवावी?

साताऱ्यात विज्ञान शिकवीत असल्यामुळे पालकसभेत एक प्रश्न मला हमखास विचारला जातो : मुले खोलीतून बाहेर पडताना दिवे-पंखे बंद करीत नाहीत, कितीही सांगितले तरी ऐकत नाहीत, तर त्यांना विजेची बचत शिकवायची तरी कशी? माझे उत्तर असे की, बचतीच्या आधी मोजणे शिकवावे. ज्या गोष्टीचे माप ठाऊक नाही ती वाचवा म्हटले, तर मुलांच्या लेखी ती मोठ्यांची कटकटच ठरते.

मोजण्याचे साधन प्रत्येक घरात आहे. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट, एवढी व्याख्या पाचवी-सहावीच्या मुलाला पुरते. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकणार, हा आकडा मीटरवरच छापलेला असतो. समजा तो ३२०० आहे. मोठ्या माणसाने सोबत राहून घरातील इतर सर्व उपकरणे बंद केली आणि ९ वॅटचा एकच एलईडी दिवा लावला, तर एकदा लुकलुकल्यावर पुन्हा लुकलुकेपर्यंत दोन मिनिटांहून अधिक वाट पाहावी लागते; २००० वॅटचा गीझर सुरू केला की तोच लाल दिवा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा लुकलुकतो. (मीटर केवळ डोळ्यांनी पाहायचा, त्याला किंवा तारांना हात लावायचा नाही, हे आधी बजावावे.)

हे स्वतः मोजलेले मूल लगेच गणित मांडते की, ९ वॅटचा दिवा १११ तासांत जेवढी वीज घेतो तेवढी गीझर अर्ध्या तासात घेतो. मग ते मोठ्यांना प्रश्न विचारू लागते आणि ते योग्यच आहे. मुलांकडून दिव्याच्या बटणाची शिस्त मागायची आणि गीझर, पाण्याची मोटार, ७५ वॅट घेणारा जुना पंखा यांच्याकडे आपण पाहायचेच नाही, हे मला अन्यायाचे वाटते. पंखा बदलण्याचा निर्णय मुलाच्या हाती नसतो, तो आपल्या हाती असतो.

सातारकरांना याहून मोठा धडा घराजवळच उपलब्ध आहे, तो म्हणजे कोयना. वीज धरणाच्या भिंतीखालीच तयार होते, अशी अनेक मुलांची समजूत असते. मुख्यतः मात्र शिवसागर जलाशयाचे पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांमधून पश्चिमेकडे वळवून कोकणात पोफळीच्या भूमिगत वीजगृहात सुमारे ४७५ मीटर खाली आणले जाते आणि तेथे त्यावर टर्बाइन फिरतात. नववीतील स्थितिज ऊर्जेचे सूत्र येथे लावून पाहावे. गच्चीवरच्या टाकीएवढे, म्हणजे एक हजार लिटर पाणी एवढ्या उंचीवरून खाली आले, तर त्यातून फार तर १.३ युनिट वीज मिळेल. हे उत्तर स्वतः काढल्यावर मुले थोडा वेळ गप्प होतात.

पोफळीला गेलेले पाणी कोळकेवाडीत आणखी वीज देऊन वाशिष्ठीतून समुद्राला मिळते. ते कृष्णेत परत येत नाही. धरणाच्या पायथ्याशी सोडलेले पाणी मात्र कऱ्हाडला कृष्णेत मिसळून सांगलीकडे जाते. पश्चिमेकडे वर्षाला ६७.५ टीएमसीच (अब्ज घनफूट) पाणी वळवावे, अशी मर्यादा कृष्णा पाणीतंटा लवादाने घातली, ती याच ओढाताणीमुळे. शिवाय आटपाडी, जतसारख्या दुष्काळी तालुक्यांना टेंभू, म्हैसाळ योजनांचे पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने उचलून द्यावे लागते, त्यालाही वीज लागते.

घरी वाचवलेल्या प्रत्येक युनिटामागे कोयनेचे तेवढे पाणी वाचते, असे मात्र मुलांना सांगू नये. वीजजाळे एकच असते आणि त्यातील बहुतांश वीज कोळशाची असते. कोयना मुख्यतः मागणी वाढते त्या वेळी, विशेषतः सायंकाळी चालवतात. त्यामुळे सायंकाळची बचत अधिक मोलाची, एवढे खात्रीने सांगता येते.

कोणत्या वयापासून, असेही विचारले जाते. मीटरवरचे आकडे वहीत उतरवून आजच्या आकड्यातून कालचा आकडा वजा करणे चौथीच्या मुलाला सहज जमते. कोयनेचे गणित नववीपर्यंत थांबू शकते.